धडा खेळात कसा बसवावा: पहिली-दुसरीच्या नव्या शिक्षकांसाठी

दुसरीच्या वर्गात ‘त्रेचाळीस’ लिहायला सांगा आणि पाट्या बघत फिरा. चार-पाच पाट्यांवर तरी ३४ सापडेल. त्या मुलांचं लक्ष नव्हतं असं नाही. त्यांनी जे ऐकलं तेच क्रमाने लिहिलं. कानावर आधी ‘त्रे’ पडलं, मग ‘चाळीस’. म्हणून आधी तीन, मग चार. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र बरोब्बर उलट. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही आणखी अवघड मंडळी. नाव पन्नासाचं आणि लिहायचा चार! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वादात कोणाची बाजू कशीही असो, ज्या अडचणीतून ती पद्धत आली ती अडचण रोज सकाळी आपल्या वर्गात बसलेली असते.

मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवते आहे. नव्याने रुजू झालेले शिक्षक केंद्राच्या शिक्षण परिषदेत भेटले की बहुतेक वेळा एकच विचारतात, ‘मॅडम, खेळातून शिकवा म्हणतात, पण नेमकं सुरू कुठून करायचं?’ म्हणून या एकाच अडचणीवरचा एकच खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा करून दाखवते. तो एकदा हातात बसला की पुढचे तुमचे तुम्हाला सुचतील.

आधी अडलेली जागा शोधा

‘आज संख्याज्ञानाचा खेळ घेऊ’ असं ठरवलंत तर खेळ होईल, मुलं हसतील, आणि तास संपल्यावर हाती काय आलं ते सांगता येणार नाही. टाचण, म्हणजे तासाची आखणी, काढताना एकच वाक्य लिहा, आणि ते मुलाच्या हातून नेमकं काय होतं आहे याबद्दलचं असू द्या: ‘दोन अंकी संख्येचं नाव ऐकून मुलं एकक-दशकाची अदलाबदल करतात.’ एवढं नेमकं वाक्य मिळत नसेल तर खेळ शोधू नका. एक दिवस नुसत्या पाट्या बघा, वह्या चाळा, मुलांना मोठ्याने विचार करायला लावा. ‘हे चौतीस कसं झालं गं, मला सांग ना,’ असं विचारलं की मुलगी स्वतःच सांगते, ‘आधी तीन ऐकू आलं.’

सगळा अभ्यासक्रम खेळात बसवायच्या भानगडीत पडू नका. आठवड्यातून एक अडलेली जागा आणि तिच्यावर एक खेळ, पहिल्या वर्षाला एवढं पुष्कळ झालं.

मुलांच्या खेळांकडे नीट बघा

मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभं राहा. तिथे तुम्हाला खेळाचे सगळे घटक फुकट शिकायला मिळतात. लंगडीत चूक झाली हे सांगायला कोणी मोठं माणूस लागत नाही. पाय टेकला की सगळ्यांना दिसतं. लगोरी कोसळली की पुन्हा रचायची असते, त्याबद्दल कोणी रागावत नाही. नियम मोजके असतात, पण त्यांच्यावरून भांडण होतं, म्हणजे ते मुलांना मनापासून महत्त्वाचे वाटतात. आणि रडीचा डाव कोणालाच आवडत नाही.

विषामृताकडे तर खास बघा. ज्याला ‘विष’ मिळालं तो जागच्या जागी थांबतो, पण खेळाबाहेर जात नाही. दुसरा धावत येऊन हात लावतो, ‘अमृत’ म्हणतो आणि तो सुटतो. आता संगीत खुर्ची आठवा. तिथे जो सगळ्यात आधी बाद होतो तो सगळ्यात जास्त वेळ भिंतीला टेकून उभा असतो. धड्याच्या खेळात आधी बाद कोण होणार? ज्याला ते जमत नाही तोच, आणि सरावाची गरजही त्यालाच सगळ्यात जास्त. म्हणून वर्गात बाद करणारा खेळ मी घेत नाही. अडकलेल्याला सोडवायला सवंगडी येतो असाच खेळ घेते.

चाल म्हणजेच शिकणं

बाजारात आणि मोबाइलवर मिळणारे बरेचसे ‘शैक्षणिक खेळ’ एकाच साच्यातले असतात. कार्डावरच्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग फासा टाका, मग सोंगटी पुढे. यात मुलाचं मन फाशात असतं. प्रश्न हा वाटेतला टोलनाका, कधी एकदा पार होतोय असं त्याला होतं. साधी परीक्षा करून बघा: त्या खेळातून गणित काढून टाकलं तरी खेळ तसाच चालतो का? चालत असेल तर गणित त्यात नुसतं चिकटवलेलं आहे. जो खेळ धडा काढला की कोसळतो, तो घ्या.

आता आपला खेळ. आमच्या वर्गात त्याचं नाव ‘घर शोध’ पडलं.

शून्य ते नव्व्याण्णवचा दहा बाय दहा चौकटींचा तक्ता काढायचा. पहिली ओळ ० ते ९, दुसरी १० ते १९, अशी शेवटची ९० ते ९९. एक ते शंभरचा तक्ता घेऊ नका. त्यात ४० हा आकडा तिसाच्या ओळीच्या शेवटी जाऊन बसतो. शून्यापासून सुरू केलं की चाळिसाचं सगळं कुटुंब एका ओळीत येतं, आणि एकोणपन्नास त्याच ओळीच्या शेवटच्या घरात दिसतो. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. ‘हा पन्नासाच्या दारात उभा आहे, अजून आत गेलेला नाही,’ एवढं सांगून घरावर बोट ठेवलं की मुलांना ते डोळ्यांनी कळतं. (नव्व्याण्णव मात्र या एकोणांच्या रांगेतला नाही. तसं का, हे एखादं मूल विचारतंच. विचारलं की त्याचं कौतुक करा, आपल्या भाषेत असे काही हट्टी शब्द आहेत असं सांगा.)

चार मुलांचा गट, त्यात दोन जोड्या. एका जोडीकडे चिंचोके, दुसरीकडे खडे. शून्य ते नऊ अंकांची प्रत्येकी दोन, म्हणजे वीस कार्डं पालथी ठेवायची. जोडीतला एक जण तक्त्याकडे पाठ करून बसतो आणि दोन कार्डं उचलतो. समजा ४ आणि ३ आले. आता त्याने ठरवायचं, त्रेचाळीस करायचे की चौतीस. ठरवलं की मोठ्याने नाव सांगायचं, आकडे दाखवायचे नाहीत. त्याच्या जोडीदाराने नुसतं ऐकून ते घर शोधायचं आणि चिंचोका ठेवायचा. समोरच्या जोडीला कार्डं दिसत असतात. घर चुकलं तर ते फक्त ‘पुन्हा ऐक’ म्हणतात. नाव परत सांगितलं जातं आणि दुसरी संधी मिळते. तीही हुकली तर चिंचोका हातातच राहतो आणि राज्य पलीकडे जातं. कार्डं परत मिसळायची. एकाच आडव्या किंवा उभ्या रांगेत, लागून नसले तरी चालतील, ज्यांचे तीन चिंचोके आधी बसतील त्यांचा डाव. ७ आणि ० आले तर सत्तर किंवा नुसते सात. दोन्ही शून्य आली तर पुन्हा उचलायची. घर आधीच भरलेलं असेल तर अंक उलटे करून दुसरं घर घ्यायचं, तेही भरलेलं असेल तर चाल जाते.

इथे थोडं थांबते, कारण खेळाचा प्राण त्या ‘ठरवायचं’मध्ये आहे. चाळिसाच्या ओळीत आपले दोन चिंचोके आहेत हे माहीत असलेली मुलगी हातात ४ आणि ९ घेऊन बसलेली असते. तिला त्या ओळीत तिसरा हवाच असतो. ‘एकोणपन्नास’ म्हणावं की ‘चौऱ्याण्णव’? ती ओठांतल्या ओठांत दोन्ही म्हणून बघते, बोटांवर काहीतरी मोजते. एकक-दशकाची ही उलटापालट तुम्ही फळ्यावर दहा वेळा समजावली असती तरी तिने इतक्या मन लावून केली नसती. आता ती तिला जिंकायला हवी आहे. आणि तिने घाईत चुकीचं नाव सांगितलं तर जोडीदाराचा हात चुकीच्या घरावर जातो. चूक तिथल्या तिथे दोघांना दिसते, लाल शाईची गरज पडत नाही.

साहित्य

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता छान बसतो. चोवीस मुलांना सहा तक्ते लागतात. कार्डांसाठी मी सुरुवातीला पत्ते वापरले होते. एक्का ते नव्वा, आणि दश्शीला शून्य धरायचं; एका जोडात दोन गटांचं काम भागतं. पण गावात पत्ते म्हटलं की काही पालकांना जुगार आठवतो, आणि त्यांचं तसं वाटणं समजून घ्यायला हवं. त्यापेक्षा लग्नपत्रिकांचे तुकडे बरे. मे महिन्यात घरोघरी जमतात, जाड असतात आणि एका बाजूने कोरे मिळतात.

एखाद्या मुलाची नजर कमी असेल तर त्याच्या गटाचा तक्ता ओट्यावर खडूने मोठा आखा, फूटभराची चौकट करा आणि चिंचोक्याऐवजी त्यालाच घरात उभं राहू द्या. सगळ्या गटांना मग तोच तक्ता हवासा वाटतो.

पहिला डाव लिंबूटिंबू

नवीन खेळात पहिली दहा मिनिटं गोंधळ होणारच. त्यावर मुलांकडेच उपाय आहे. गल्लीतल्या खेळात लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ करून घेतात. तो सगळं खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. वर्गाला सांगा, ‘आजचा पहिला डाव सगळेच लिंबूटिंबू.’ हरणं-जिंकणं नाही, नुसते नियम समजायचे. त्याआधी दोन जोड्यांना मध्ये बसवून सगळ्यांसमोर तीन-चार चाली खेळवून दाखवा. नियम तोंडी सांगत बसलात तर तिसऱ्या वाक्याला अर्धा वर्ग खिडकीबाहेर गेलेला असतो.

आवाजाची तयारी ठेवा. शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं की निम्मा प्रश्न मिटतो. थांबण्याची खूण खेळाच्या आधी ठरवा आणि दोन-तीनदा तिचाच सराव घ्या. आमच्याकडे दोन टाळ्या म्हणजे हात वर. आणि प्रत्येक मुलाला एका डावात एकदा ‘टाइमप्लीज’ म्हणायचा हक्क द्या. ते म्हटलं की सगळे थांबतात, तो विचार करतो किंवा जोडीदाराला विचारतो. हळू चालणाऱ्या मुलांचे चेहरे या एका नियमाने बदललेले मी पाहिले आहेत.

जोड्या मुलांवर सोडू नका, निदान सुरुवातीला तरी. हुशार-हुशार एकत्र आणि उरलेले उरलेल्यांबरोबर, असं होतं. चिठ्ठ्या टाका आणि दर आठवड्याला बदला.

घरी भिली, पावरी, गोरमाटी किंवा आणखी कुठली भाषा बोलणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठी ‘त्रेचाळीस’ हा निव्वळ आवाज असतो. त्यांना पहिले काही दिवस ‘चाळीस तीन, म्हणजे त्रेचाळीस’ असं जोडीने म्हणू द्या, आणि त्यांच्या भाषेतलं नावही वर्गाला ऐकवू द्या. ऊसतोडीहून मधेच परतलेल्या मुलालाही हाच दरवाजा सोपा पडतो. बुडलेल्या धड्यांची यादी त्याच्या पुढ्यात ठेवण्याआधी त्याला जोडीदार द्या.

डाव संपल्यावरची दहा मिनिटं

नवे शिक्षक इथेच घाई करतात. घंटा होईपर्यंत खेळ चालतो, मग तक्ते गोळा, संपलं. असं करू नका. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत खेळाला अठरा-वीस मिनिटं पुरतात. शेवटची दहा राखून ठेवा आणि गोल करून बसा. ‘कोणतं घर शोधायला सगळ्यात अवघड गेलं?’ एवढा एकच प्रश्न विचारा. एखादा म्हणतो, ‘बाई, अठ्ठ्याहत्तर.’ दुसरी म्हणते, ‘मला सत्त्याऐंशी म्हणायचं होतं, तोंडातून अठ्ठ्याहत्तर आलं.’ हे दोन्ही फळ्यावर लिहा, ७८ आणि ८७. मग मुलांनाच सांगू द्या, कुठलं कुठल्या ओळीतलं आणि कशावरून ओळखायचं. ‘शेवटी जे ऐकू येतं ते आधी लिहायचं,’ हा नियम माझ्या वर्गात एका मुलाने मांडला, त्याच्या शब्दांत. मी तो कधी फळ्यावर लिहून दिला नव्हता. मग ‘एकोण’वाल्यांना तो लागू पडत नाही हे दुसऱ्याने लक्षात आणून दिलं, आणि त्यावर दोन दिवस चर्चा पुरली.

यानंतर वहीत पाच संख्या, अंकी आणि अक्षरी. त्या वह्या पुढे उपयोगाला येतात.

चांदण्या, गुण आणि बक्षिसं

याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण इथे माझ्या हातून चूक झाली आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी वर्गाच्या भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता लावला. बरोबर उत्तराला एक चांदणी. पहिले दोन आठवडे वर्ग उत्साहाने भरून गेला. महिनाभरात त्याच चार-पाच नावांपुढे चांदण्यांच्या रांगा लागल्या. एके दिवशी शाळा सुटल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, ‘बाई, माझं नाव त्याच्यावरून काढून टाका ना.’ त्याच्यापुढे दोन चांदण्या होत्या. तक्ता मी त्याच संध्याकाळी उतरवला.

ज्यांच्या रांगा लांब होत्या त्यांचंही भलं झालं नव्हतं. चांदणी मिळणार नसेल तर ती हात वर करेनाशी झाली होती. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग मला पुढे कधीतरी वाचायला मिळाला. स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळत होती. माझा भिंतीवरचा तक्ता डोळ्यांसमोर उभा राहिला.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक काचेची बरणी आहे. कोणी दुसऱ्याला अडकलेल्या जागेतून सोडवलं, कोणी नवा प्रश्न विचारला, तर दिवसाच्या शेवटी आम्ही आठवून बरणीत चिंचोके टाकतो. कोणाचे किती हे मोजत नाही. बरणी भरली की एक दुपार सगळ्यांची लगोरी. मुलाला स्वतःची वाटचाल दिसावी यासाठी त्याची वहीच पुरते: पंधरा दिवसांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवा आणि काय बदललं ते त्यालाच सांगू द्या.

इतर विषयांत हाच धागा

वाचनासाठी ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. रुमालाऐवजी खरी चिठ्ठी मुलाच्या पाठीमागे टाकायची. ‘एका पायावर दाराकडे जा’ किंवा ‘आजीसारखी खोक’ असं काहीतरी त्यात लिहिलेलं. ज्याच्यामागे पडली त्याने मनात वाचायचं आणि करून दाखवायचं. बाकीच्यांनी चिठ्ठीत काय लिहिलंय ते ओळखायचं. वाचता आलं नाही तर खेळ पुढे सरकत नाही, म्हणजे आपल्या परीक्षेला उतरतो. अडलेल्याने शेजाऱ्याकडून ‘अमृत’ मागावं. परिसर अभ्यासात वर्गीकरणाला ‘डोंगर का पाणी’ चालतं. डोंगर सजीवांचा, पाणी निर्जीवांचं. बियांवर या खेळात हमखास वाद होतो, तो होऊ द्या. नाणी-नोटांसाठी बाल बाजार भरवतातच. फक्त पालकांनी मागे उभं राहून हिशेब करून देऊ नये, एवढं बघा.

मोबाइल एकच असेल तर प्लिकर्स हे ॲप पाहण्यासारखं आहे. मुलांकडे फक्त छापलेली कार्डं असतात. कार्ड ज्या बाजूने धरलं त्यावरून पर्याय ठरतो, आणि शिक्षकांच्या फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. कोणाचं चुकलं हे वर्गासमोर येत नाही, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट. रोज मात्र नको.

‘नुसतं खेळवतात’ असं कोणी म्हटलं तर

म्हणतील. पालकांना समजावण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांनाच दोन जोड्या करून ‘घर शोध’ खेळायला बसवा. मोठी माणसंही एकोणसत्तर साठीच्या ओळीत शोधायची की सत्तरीच्या, यावर अडतात आणि मग मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतात. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर टाचणातलं ते एक वाक्य आणि वह्या दाखवा. धोरणाचा आधारही तुमच्या बाजूने आहे: २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळ आणि कृती यांतूनच व्हावं असं म्हटलं आहे, २०२१ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरी पूर्ण करेपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करण्याचं उद्दिष्ट आहे, आणि २०२३ साली याच वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाहित्याची पेटी आली. आपल्याकडे तर ही वाट फार जुनी आहे. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा उभ्या केल्या, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली.

दोन आठवड्यांनी

खेळ किती दिवस चालवायचा? मुलं स्वतः नियम बदलायला लागली की समजा खेळ मुरला. आमच्या वर्गात एका गटाने तिसरं कार्ड घ्यायचं ठरवलं आणि तीन अंकी संख्यांचा तक्ता कसा काढायचा म्हणून मला विचारायला आला.

दोन आठवड्यांनंतर, खेळाचं नावही न काढता, दहा संख्या सांगून लिहून घ्या: चौतीस, त्रेचाळीस, बावन्न, पंचवीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याऐंशी, छत्तीस, त्रेसष्ट. पहिल्या दिवशीच्या पाट्यांची नोंद ठेवली असेल तर शेजारी ठेवून बघा. दोन-तीन मुलं अजूनही उलटं लिहीत असतील. त्यांना जास्तीचा गृहपाठ देऊ नका. मधल्या सुट्टीनंतर त्यांतल्या एकाच्या जोडीत तुम्ही स्वतः बसा. कार्डं तुम्ही उचलून नाव सांगू नका, ती त्यालाच उचलू द्या. तो नाव सांगेल, तुम्ही ऐका आणि सांगितलं असेल त्याच घरावर चिंचोका ठेवा. तो मागे वळून बघेल, थोडा वेळ गप्प राहील. त्या वेळात काही बोलू नका.